दिवा लुकलुकतो म्हणजे नेमकं काय होतं?

दिवाळीला ढोकीला घरी गेले तेव्हा घरातली लाइट लुकलुकत होती. संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यान जास्त. आप्पांचं निदान तयार होतं: मागच्या गल्लीतल्या तात्यांची पिठाची गिरणी. ती सुरू झाली की आपली लाइट हलते, हे घरातल्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तीन आठवड्यांपासून आप्पा दळण तात्यांकडे न देता स्टँडजवळच्या गिरणीतून आणत होते, आणि तात्या रस्त्यात भेटले तरी मान वळवून पुढे जात होते. भावाचं म्हणणं वेगळं होतं. बल्बच हलके आहेत म्हणून त्याने तीन एलईडी बदलून पाहिले होते. एक वायरमन येऊन बोर्ड उघडून, स्क्रू आवळून आणि दोनशे रुपये घेऊन गेला होता. आज्जीच्या मते ऊस पाण्यावर आला, मळ्यातल्या मोटारी चालू झाल्या, की लाइटीचं असंच होतं, पहिल्यापासून. या सगळ्या मतांच्या मध्ये फ्रिजचं कार्ड मात्र खरोखर जळालं होतं.

घरात एक भौतिकशास्त्राची एम.एस्सी. आणि वर पीएच.डी. करणारी मुलगी आलीय म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगू का, मलाही पटकन काही सुचलं नाही. पण या निमित्ताने मी जे वाचलं ते तुमच्यापुढे ठेवावंसं वाटतंय. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू केलंय, आणि 'समस्येचं विधान' नावाच्या प्रकाराने हैराण आहात. लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रश्न विजेच्या दिव्याइतकाच जुना आहे आणि त्याने चांगल्या चांगल्यांना दमवलंय. घरचं उत्तर शेवटी सांगते.

सुरुवात बल्बच्या आधीपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रस्त्यांवर विजेचे जे दिवे होते त्यातले पुष्कळसे आर्क दिवे होते. दोन कार्बनच्या कांड्या, त्यांच्यात थोडी फट आणि त्या फटीत पेटलेली विजेची कमान. उजेड भरपूर, पण दिवा फडफडायचा, मधेच गुणगुणायचा, मधेच तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरायचा, आणि चरचरला की उजेडही बिघडायचा. हे का होतं ते नीट कुणाला सांगता येत नव्हतं.

हा प्रश्न हर्था एर्टन या बाईंनी घेतला. त्यांचे पती विल्यम एर्टन विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. (आपल्याशी त्यांचा एक धागा आहे. तरुणपणी, १८६८ पासून काही वर्षं, ते भारतातल्या तार खात्यात होते, आणि तारांमधला बिघाड नेमका कुठे आहे ते शोधण्याच्या पद्धतीवर त्यांनी इथेच काम केलं. शेकडो मैल लांब तार, मधे कुठेतरी दोष, आणि माणूस एका टोकाला बसलेला. बिघाड शोधण्याच्या शास्त्राची सुरुवात साधारण अशी आहे.) १८९३ मध्ये विल्यम शिकागोला गेले असताना आर्कवरचे प्रयोग हर्थांनी हातात घेतले आणि पुढे ते त्यांचेच झाले.

त्यांनी काय केलं ते बारकाईने बघा. 'दिवा नीट चालत नाही' हे एक वाक्य त्यांनी तोडलं. शांत आर्क, गुणगुणणारा आर्क आणि चरचरणारा आर्क या अवस्था वेगळ्या धरल्या. प्रत्येक अवस्थेत विद्युतप्रवाह किती, दोन कांड्यांमधला विद्युतदाब किती, फट किती, कांडीच्या टोकाचा आकार कसा, हे सगळं स्वतंत्र मोजलं. प्रवाह वाढवत नेला की एका टप्प्यावर आर्क चरचरायला लागतो आणि त्याच क्षणी दाब एकदम खाली पडतो. तेव्हा धन कांडीच्या टोकाला जो खळगा पडलेला असतो तो पसरून टोकाच्या कडेपर्यंत आलेला असतो. म्हणजे तोवर कार्बनच्या वाफेने झाकलेल्या त्या तापलेल्या खळग्यापर्यंत आता बाहेरची हवा पोहोचते. मग त्यांनी आर्क बंद भांड्यात घेतला. हवा नाही, तर प्रवाह कितीही वाढवा, चरचर नाही. हवा आत सोडली की चरचर हजर. गुन्हेगार ऑक्सिजन होता.

१८९९ मध्ये त्यांनी हे काम लंडनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे स्वतः वाचलं. तिथे स्वतःचा निबंध वाचणारी ती पहिली स्त्री, आणि त्याच वर्षी संस्थेची पहिली स्त्री सदस्यही. १९०२ मध्ये 'द इलेक्ट्रिक आर्क' हे जाड पुस्तक आलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या फेलोपदासाठी त्यांचं नाव सुचवलं गेलं आणि विवाहित स्त्रीला कायद्याने स्वतंत्र स्थान नाही या कारणाने नाकारलं गेलं. १९०६ मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं. या कामाला फेलोपद नाही पण पदक चालतं, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

आर्क दिवे मागे पडले, तारेचे बल्ब आले, आणि फडफडीचा संशय दिव्यावरून विजेवर गेला. प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी, दर सेकंदाला ठरावीक वेळा दिशा बदलते. ५० हर्ट्झच्या विजेवर बल्बला सेकंदाला १०० वेळा ऊर्जेचा धक्का बसतो. तार तापलेली असते, ती एवढ्यात गार होत नाही, त्यामुळे आपल्याला उजेड सलग दिसतो. पण नायगाऱ्याच्या धबधब्यावर १८९५ मध्ये जे मोठं केंद्र सुरू झालं ते २५ हर्ट्झचं होतं. मोठ्या यंत्रांना ते सोयीचं, दिव्यांना नाही. सेकंदाला फक्त ५० धक्के, आणि दिवे मिचमिचताना जाणवायचे. युरोपात १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफर्ट अशी १७५ किलोमीटरची तीन फेजची ऐतिहासिक लाइन उभी राहिली, ती ४० हर्ट्झची होती. पुढे युरोपात ५०, अमेरिकेत ६० असं स्थिरावलं आणि आपल्याकडे ५० आलं. आज आपण परीक्षेत 'भारतात वारंवारता ५० हर्ट्झ' असं पाठ करून लिहितो. त्या आकड्याच्या निवडीत माणसाच्या डोळ्याचाही वाटा होता, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आणि डोळा हाच पुढचा संशयित. इथे मला सगळ्यात जास्त मजा आली.

वीज सलग असली, बल्ब चांगला असला, तरी व्होल्टेज हळूहळू वरखाली झालं तर दिवा हलताना दिसतो. किती वरखाली झालं तर दिसतो? लोखंड वितळवणाऱ्या आर्क भट्ट्या वाढल्या तसा हा प्रश्न पैशाचा झाला. भट्टीजवळच्या वस्तीतले लोक तक्रार करायचे आणि भट्टीवाले व वीज कंपनी एकमेकांकडे बोट दाखवायचे. आमचे आप्पा आणि तात्या, फक्त मोठ्या मापाचे. तक्रार खरी की मनाची, हे ठरवायला माप हवं होतं.

ते माप मिळण्याचा रस्ता १९५० च्या दशकात नेदरलँड्सच्या डी लांगे या अभियंत्याने खुला केला. त्याने माणसाच्या दृष्टीकडे विद्युत फिल्टर म्हणून पाहिलं. रेडिओच्या सर्किटला जसे वेगवेगळ्या वारंवारतेचे संकेत देऊन बघतात की कुठला जातो आणि कुठला अडतो, तसं त्याने डोळ्यासमोरच्या उजेडाची हालचाल कमी-जास्त वेगाने आणि कमी-जास्त प्रमाणात करून बघितली. अगदी सावकाश हालचाल डोळा पचवतो. खूप जलद हालचाल त्याला कळतच नाही. मधे, सेकंदाला आठ-दहा वेळा होणारी हालचाल मात्र त्याला फार लवकर टोचते. १९५७ मध्ये हे काम डेल्फ्टला त्याचा पीएच.डी.चा प्रबंध म्हणून आलं. अभियंत्याने डोळ्यावर प्रबंध लिहिला. तुमचा विषय कुठल्या विभागात बसतो म्हणून गाईड कुरकुर करत असतील तर हे उदाहरण खिशात ठेवा.

या सगळ्यातून पुढे फ्लिकरमीटर नावाचं उपकरण तयार झालं आणि १९८६ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. उपकरणाच्या आत गणिताच्या रूपात काय बसवलंय? एक २३० व्होल्टचा ६० वॅटचा तारेचा बल्ब, एक डोळा आणि एक मेंदू. वीज आत जाते आणि बाहेर आकडा येतो. तो आकडा १ असेल तर साधारण निम्म्या माणसांना त्या उजेडाचा त्रास होईल. सर्वांत नाजूक वारंवारता ८.८ हर्ट्झ. तिथे व्होल्टेज फक्त ०.२५ टक्के हललं तरी निम्म्या लोकांना दिसतं. २३० च्या ०.२५ टक्के म्हणजे जेमतेम अर्धा व्होल्ट! तुमच्या लॅबमधला साधा मल्टिमीटर ही हालचाल दाखवणारही नाही. म्हणजे 'मीटरवर तर सगळं बरोबर दिसतंय, तुम्हालाच भास होतोय' असं कुणी म्हणालं तर गप्प बसायचं कारण नाही. या एका बाबतीत आज्जीचा डोळा मीटरच्या पुढे आहे.

आणखी एक गोष्ट. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून खूप वेगाने वाढतो. व्होल्टेज एक टक्का वाढलं तर उजेड साधारण साडेतीन टक्के वाढतो. म्हणून तो बल्ब नकळत एक चांगलं मोजमापाचं साधन आहे. एलईडीचं तसं नाही. चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट व्होल्टेज हललं तरी उजेड धरून ठेवतं, हलक्याचं सर्किट कशानेही मिचमिचतं. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. वीज वाचली, बिलं कमी झाली, छानच झालं. पण घराघरातून एक साक्षीदारही निघून गेला. आमच्या घरात तो फक्त एका ठिकाणी उरला होता: गोठ्यात, कोळिष्टकं लागलेला, ६० वॅटचा.

तर आता घर. एव्हाना मला एवढं कळलं होतं की 'लाइट लुकलुकते' या वाक्यात आम्ही काहीच मोजलेलं नाही. मी वही घेतली आणि तीन रकाने आखले: वेळ, घरात काय चालू आहे, तात्यांची गिरणी चालू की बंद. चौथा रकाना आप्पांनी विचारलेल्या एका प्रश्नामुळे आला. "अगं, पण लिहायचं काय? डीम झाली म्हणून?" मी हो म्हणणार होते, आणि थांबले. डीम होते की फुल होते? घरात कुणालाच सांगता येईना. आई म्हणाली डीम. भाऊ म्हणाला, दोन्ही. तीन आठवडे सगळ्यांनी बघितलं होतं आणि कुणीच बघितलं नव्हतं. मीसुद्धा.

गोठ्यातला बल्ब काढून ओसरीवर लावला आणि शेजारच्या सॉकेटला मल्टिमीटर. आधी घरातलं बाकी सगळं बंद केलं. बल्ब तरीही हलला. म्हणजे कारण घरातल्या फिटिंगमध्ये नाही, वायरमनचे दोनशे रुपये गेले. आज्जीचा अंदाज त्याआधीच बाद झाला होता, कारण शेतीच्या मोटारींचा फीडर आता गावठाणापासून वेगळा आहे आणि त्या रात्री शेतीची लाइट नव्हती. मग गिरणी सुरू झाली. पट्ट्याचा आवाज ओसरीपर्यंत येतो. बल्ब झपकन हलला, आप्पा म्हणाले, "बघ!" आणि मी मीटर बघत होते. २२६ वरून २४९.

बल्ब मंद झाला नव्हता. उजळला होता.

इथे थांबा आणि स्वतः विचार करा. मोठी मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. ती आमच्याच फेजवर असती आणि ओढाताणीमुळे त्रास होत असता, तर आमचं व्होल्टेज पडायला हवं होतं. ते वाढलं. आप्पांचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं, गिरणी आणि लाइट यांचा संबंध होताच. पण चिन्ह उलटं होतं, अधिकच्या जागी वजा धरलेलं.

यासाठी पुन्हा इतिहासात जावं लागतं, १८८२ मध्ये. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं केंद्र त्या सप्टेंबरात सुरू झालं आणि लगेच लक्षात आलं की तांबं परवडत नाही. ११० व्होल्टवर वीज लांब न्यायची तर तारा जाडजूड लागतात. मग युक्ती निघाली. दोन डायनामो एकाला एक जोडायचे, दोन बाहेरच्या तारांमध्ये २२० व्होल्ट ठेवायचे आणि मधून एक तिसरी तार काढायची. निम्मी घरं एका बाजूला, निम्मी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचा भार सारखा असेल तर मधल्या तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही. हिशेब केला तर तांबं आधीच्या ३७.५ टक्केच लागतं. इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे हेच सुचवलं होतं. ४ जुलै १८८३ ला पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात खांबांवरून अशी तीन तारांची लाइन सुरू झाली. ती मधली तार म्हणजे न्यूट्रल. पुढे तीन फेज आल्या तरी कल्पना तीच राहिली: आपल्या डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो, घरं तीन फेजवर वाटलेली असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एक.

आता तो सामायिक न्यूट्रल कुठेतरी ढिला झाला तर? परत जायला नीट रस्ता नसल्याने वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांमधून जोडली जातात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपसात वाटून घ्यायला लागतात. वाटणी सारखी होत नाही. ज्याच्याकडे भार जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज कमी, ज्याच्याकडे एखादाच बल्ब त्याच्या वाट्याला जास्त. तात्यांची तीन एचपीची सिंगल फेज मोटर सुरू झाली की त्यांचं व्होल्टेज पडणार आणि आमचं चढणार. हे कळायला किर्चहॉफचे दोन नियम पुरतात, आणि ते त्याने १८४५ मध्ये विद्यार्थी असतानाच मांडले होते. मी ते बारावीपासून सोडवतेय. ओसरीवर उभी राहून ओळखायला मला दोन दिवस लागले.

खात्री करायची तर उलट प्रयोग हवा. दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेले. तात्या जरा आखडूनच होते. म्हटलं, "तात्या, तुमची मोटर सुरू होताना जड जातेय का हल्ली?" ते बघतच राहिले. म्हणाले, "महिना झाला पोरी, उचलतच नाही. दोनदा वाइंडिंग दाखवली." माझ्याकडचा मीटर त्यांच्या सॉकेटला लावून दिला आणि घरी येऊन पाण्याचा हीटर आणि इस्त्री एकदम चालू केली. फोनवर तात्यांचा आवाज: "वाढलं गं, वाढलं! आता बंद कर बरं. हां, उतरलं." आमच्या घरातला भार त्यांच्या घरी उजेड वाढवत होता.

यापुढचं काम आपलं नाही, हे स्पष्ट लिहिते. खांबावर चढायचं नाही, डीपी उघडायची नाही. ढिला न्यूट्रल पूर्ण सुटला तर घरात ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात, आणि आमच्या फ्रिजचं कार्ड त्याच वाटेवर गेलं होतं. मी मेन स्विच पाडायला सांगितलं आणि लाइनमनला फोन केला. या वेळी 'लाइट लुकलुकते' असं म्हटलं नाही. 'वेगवेगळ्या फेजवरच्या दोन घरांत व्होल्टेज उलटसुलट होतंय, न्यूट्रल बघा' असं सांगितलं. ते तासाभरात आले. दुसऱ्या खांबावरचा जोड काळा पडला होता. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो, त्यातून वीज जात नाही. वर तो धातू दाबाखाली हळूहळू सरकतो, त्यामुळे घट्ट आवळलेला जोडही काही वर्षांनी सैल पडतो. मग ठिणग्या, मग आणखी काजळी. त्यांनी ते टोक कापलं, तार घासली, नवा क्लँप बसवला. वीस मिनिटांचं काम. हर्था एर्टनच्या आर्कसारखा एक छोटा आर्क महिनाभर आमच्या गल्लीतल्या खांबावर चालू होता म्हणायचा.

संध्याकाळी गिरणी सुरू झाली. ओसरीवरच्या बल्बखाली आम्ही सगळे उभे. २३१, २२९, २३०. आज्जी म्हणाली, ऊस अजून पाण्यावर नाही, म्हणून बरंय.

आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीचा डबा सायकलला अडकवून मागच्या गल्लीकडे गेले. यायला दीड तास लागला. गर्दी होती म्हणाले.